देवळालीचे कापरेकर गुरुजी आणि ज्ञानाची मक्तेदारी

नाशिकजवळच्या देवळालीचे नाव दोन कारणांनी साता समुद्रापार गेले. ब्रिटिश अमलात येथे गोऱ्या सोल्जरांची मोठी छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत येथे महिनोन् महिने पडून राहत. हाताला काम नाही, अंगावर उन्हाळा, त्यात तापाचे आजार. कित्येकांचे डोके फिरत असे. त्यावरून इंग्रजी भाषेत 'डूलॅली' हा शब्द रूढ झाला. डूलॅली म्हणजे डोके फिरलेला. हा शब्द आजही इंग्रजी शब्दकोशात आहे. दुसरे कारण मात्र अभिमान बाळगावा असे आहे. गणितात 'देवळाली संख्या' या नावाने ओळखला जाणारा संख्यांचा एक प्रकार आहे. त्याला हे नाव मिळाले ते देवळालीच्या एका शाळामास्तरामुळे. या शिक्षकाचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

डूलॅलीची गोष्ट रंगवून सांगणारे लोक पुष्कळ भेटतात. कापरेकर गुरुजींची गोष्ट नीट सांगणारे मात्र त्या मानाने थोडे. म्हणून आजच्या लेखात ती सांगायची आहे. गोष्ट एका माणसाची असली तरी त्यातून उभा राहणारा प्रश्न तुमचा-आमचा आहे. एखाद्याने मांडलेले ज्ञान खरे की खोटे, मोलाचे की बिनमोलाचे, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे? मांडलेल्या पुराव्यावरून, की मांडणाऱ्याच्या खुर्चीवरून?

डहाणू ते देवळाली

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली आणि वडिलांनीच त्यांना वाढवले. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष हे शास्त्र नव्हे, हे या सदराच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. परंतु कुंडली मांडायची तर आकडेमोड करावी लागते. मुलाला गोडी लागली ती या आकडेमोडीची. पुढे त्यांचे शालेय शिक्षण ठाण्यात झाले. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. १९२७ मध्ये विद्यार्थ्याने केलेल्या स्वतंत्र गणिती कामासाठी दिले जाणारे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले.

येथे त्यांचे शिक्षण थांबले. एम. एस्सी. नाही, डॉक्टरेट नाही, परदेशवारी नाही. ते देवळालीच्या शाळेत शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शिक्षकच राहिले. सायकलवरून फिरणारा, मुलांना आपल्या पद्धतीने गणित शिकवणारा, नदीकाठी बसून आकड्यांचा विचार करणारा हा माणूस होता. दारुड्याला जशी दारूची, तशी आपल्याला आकड्यांची नशा आहे, असे ते स्वतःबद्दल म्हणत. या नशेतून त्यांनी जे शोधले, ते आज जगभरच्या शाळांतून मुले पाटीवर करून पाहतात.

एका संख्येची गोष्ट

वाचकांनी येथे जरा थांबावे आणि हातात पेन्सिल घ्यावी. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर हे करता येईल. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. त्या अंकांपासून होणारी सर्वांत मोठी संख्या लिहा, तिच्याखाली सर्वांत लहान संख्या लिहा आणि वजाबाकी करा. जे उत्तर येईल, त्याच्यावर पुन्हा हीच क्रिया करा. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य मांडून ते चार अंकी करून घ्यायचे, एवढे ध्यानात ठेवा.

आपण गुरुजींचे जन्मवर्ष १९०५ घेऊ. मोठी संख्या ९५१०, लहान ०१५९. वजाबाकी ९३५१. आता ९५३१ मधून १३५९ वजा करा, उत्तर ८१७२. मग ८७२१ मधून १२७८, उत्तर ७४४३. मग ७४४३ मधून ३४४७, उत्तर ३९९६. मग ९९६३ मधून ३६९९, उत्तर ६२६४. मग ६६४२ मधून २४६६, उत्तर ४१७६. आणि शेवटी ७६४१ मधून १४६७ वजा केले की उत्तर येते ६१७४. आता ६१७४ वर हीच क्रिया करून पाहा. पुन्हा ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४. गाडी येथे थांबली, ती आता पुढे जात नाही.

तुम्ही तुमचे जन्मवर्ष घ्या, घराचा नंबर घ्या, गाडीचा नंबर घ्या. चारही अंक सारखे नसले की झाले. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वरच येऊन पोहोचाल. गुरुजींच्या जन्मवर्षाला पुऱ्या सात पायऱ्या लागल्या. १९५६ हे साल घेतले तर तीनच लागतात. ९६५१ वजा १५६९ म्हणजे ८०८२, नंतर ८५३२, नंतर ६१७४.

हा शोध कापरेकरांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. १९५५ साली न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात ६१७४ वरील त्यांचे टिपण छापून आले. आज जगभर या संख्येला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

चौपन्न साक्षीदार

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय वकिलीचा. कोर्टात कोणी काही सांगितले की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, पुरावा काय? दहा-वीस संख्या तपासून उत्तर आले म्हणजे सगळ्यांसाठी ते खरे ठरत नाही. दहा साक्षीदार खरे बोलले म्हणून अकरावाही खरेच बोलेल असे नाही. मग ६१७४ च्या बाबतीत सगळ्या संख्यांसाठी हे खरे, असे छातीठोकपणे कसे म्हणायचे?

याचे उत्तर सातवी-आठवीच्या मुलालाही समजेल. चार अंक उतरत्या क्रमाने मांडा. पहिल्या आणि शेवटच्या अंकातला फरक काढा. मधल्या दोन अंकांतला फरक काढा. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने गुणा आणि बेरीज करा. वजाबाकीचे उत्तर नेमके तेवढेच येते. १९०५ मध्ये पहिला फरक ९ आणि दुसरा ४. म्हणजे ८९९१ अधिक ३६०, बरोबर ९३५१. वर आपल्याला आले तेच.

याचा अर्थ असा की, मूळ संख्या कोणती होती याच्याशी आपल्याला फारसे देणेघेणे उरत नाही. फक्त दोन फरक महत्त्वाचे. पहिला फरक १ ते ९ यांपैकी काहीही असू शकतो आणि दुसरा शून्यापासून पहिल्या फरकाइतका. अशा जोड्या मोजल्या तर त्या अवघ्या ५४ भरतात. चारही अंक सारखे असलेल्या नऊ संख्या सोडल्या तर चार अंकी संख्या ८,९९१ आहेत. त्या सगळ्या पहिल्याच पायरीत ५४ टोपल्यांत जमा होतात. आता ५४ टोपल्या एकेक करून तपासल्या की खटला निकाली निघाला. ५४ साक्षीदार, ५४ उलटतपासण्या, आणि सगळे एकच गाव सांगतात, ६१७४.

यात दैवी काही नाही. ६१७४ हा भाग्याचा अंक नाही आणि तो कागदावर लिहून गळ्यात बांधल्याने कोणाची कोर्टकचेरी सुटणार नाही. आकड्यांवरून नावात जास्तीचे अक्षर घालायला सांगणाऱ्यांची दुकाने हल्ली जोरात चालतात. त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिले. हे सारे दहा अंकांत मोजण्याच्या आपल्या रीतीतून आणि साध्या वजाबाकीतून येते. तीन अंकी संख्यांसाठी असाच मुक्काम ४९५ हा आहे. दोन अंकी संख्यांना मुक्कामच नाही. त्या ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ अशा गोल फिरत राहतात. कोणीही करून पाहावे आणि चूक सापडली तर सांगावे, ही मोकळीक येथे प्रत्येकाला आहे. पोथी आणि गणित यांच्यातला फरक तो हाच.

आकड्यांना नावे देणारा माणूस

गुरुजींचे काम एवढ्यावर थांबत नाही. ५५ चा वर्ग ३०२५. आता ३०२५ चे दोन तुकडे करा, ३० आणि २५. बेरीज पुन्हा ५५. ७०३ चा वर्ग ४,९४,२०९. त्याचे तुकडे ४९४ आणि २०९, बेरीज ७०३. अशा संख्यांना आज 'कापरेकर संख्या' म्हणतात.

ज्या संख्येला तिच्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' म्हटले, म्हणजे आनंद देणारी. १८ च्या अंकांची बेरीज ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. रामानुजन यांच्या गोष्टीमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ ही संख्याही हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९.

१, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा चढत जाऊन उतरणाऱ्या संख्या म्हणजे अनुक्रमे १, ११, १११, ११११ यांचे वर्ग. यांच्या गोतावळ्याला त्यांनी 'डेम्लो' हे नाव दिले. त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवर, मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या ज्या स्टेशनावर ही कल्पना सुचली, त्या स्टेशनाचे ते नाव. कोणी देवदेवतांची नावे देतो, कोणी राजामहाराजांची. या माणसाने रेल्वे स्टेशनाचे नाव दिले.

आणि मग आपली 'देवळाली संख्या'. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ४७ घेतले तर ४ आणि ७ मिळून ११, म्हणून पुढची संख्या ५८. तेथून ७१, मग ७९, मग ९५, मग १०९. म्हणजे ५८ चा जन्म ४७ पासून झाला, ७१ चा ५८ पासून. आता प्रश्न असा, की जिला कोणीच जन्म दिलेला नाही अशी संख्या असते का? असते. २० घ्या. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवा, २० कधीच येणार नाही. ३१, ४२, ५३ यांचेही तसेच. या स्वयंभू संख्यांवर कापरेकरांनी १९६३ साली देवळालीहूनच एक पुस्तिका प्रसिद्ध केली.

हसणाऱ्यांची बाजू

एवढे काम करणाऱ्या माणसाचे आपल्या देशातल्या गणितज्ञांनी काय केले? पुष्कळांनी त्यांना हसण्यावारी नेले. हे काय गणित आहे? ही तर पोरांची करमणूक, असा एकूण सूर होता. मोठ्या नियतकालिकांची दारे सहसा उघडली नाहीत. त्यांचे बरेचसे लेखन लहानसहान नियतकालिकांत आले किंवा त्यांनी स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून आले. शाळा-कॉलेजांतून मात्र त्यांना भाषणाला बोलावणी येत आणि मुले त्यांच्याभोवती जमत.

न्यायाच्या दृष्टीने विरुद्ध पक्षाचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. केंब्रिजचे थोर गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० सालच्या आपल्या पुस्तकात अशाच एका उदाहरणाची चर्चा केली आहे. चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच संख्या आपल्या उलट्या संख्येच्या पटीत येतात. ८७१२ ही २१७८ च्या चौपट आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट. हार्डींचे मत असे की, वर्तमानपत्राच्या कोडे-सदराला हे ठीक आहे, पण यात खोल गणित नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. दहाऐवजी आठ किंवा बारा अंकांत मोजणारा समाज असता तर ६१७४ ला हे स्थान मिळाले नसते. मूळ संख्यांचे गुणधर्म मात्र कोणत्याही मोजणीत तसेच राहतात.

परंतु उथळ ठरवणे आणि हसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हसणे हा युक्तिवाद नव्हे. शिवाय एकच क्रिया पुन्हा पुन्हा केली तर शेवटी आपण कोठे पोहोचतो, हा प्रश्न गणितात अजिबात क्षुल्लक नाही. जर्मन गणितज्ञ लोथार कोलात्झ यांच्या नावाने १९३० च्या दशकापासून ओळखला जाणारा एक प्रश्न पाहा. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. कोणतीही संख्या घेतली तरी शेवटी १ येतो का? प्रश्न प्राथमिक शाळेतल्या मुलाला समजतो, पण मोठमोठ्या विद्यापीठांना आजवर तो सर्वमान्य रीतीने सोडवता आलेला नाही. हाच प्रश्न देवळालीच्या मास्तरांनी १९४९ साली मांडला असता तर? करमणूक म्हणून तो बाजूला पडला असता, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

रामानुजन यांची गोष्ट आपण सर्व जाणतो. मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधील कारकुनाने १९१३ साली हार्डींना पत्र लिहिले आणि हार्डींनी ते पत्र गांभीर्याने वाचले. म्हणून जगाला रामानुजन कळले. कापरेकरांना हार्डी भेटला नाही. रामानुजन यांच्या उंचीचे काम कापरेकरांनी केले असा दावा कोणी करणार नाही. पण कोणाची उंची किती हे कळायला आधी त्याला मोजावे तरी लागते ना?

दाद मिळाली ती कोठून?

दाद मिळाली ती अमेरिकेतून. 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात मार्टिन गार्डनर यांचे गणिती खेळांचे सदर जगभर वाचले जात असे. मार्च १९७५ च्या अंकात गार्डनर यांनी कापरेकरांच्या कामावर लिहिले आणि देवळालीचे नाव देशोदेशीच्या गणितप्रेमींपर्यंत पोहोचले. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे खुद्द गार्डनर यांच्याकडे गणिताची पदवी नव्हती. ते तत्त्वज्ञानाचे पदवीधर होते. पदवीच्या कुंपणाबाहेरच्या एका माणसाने कुंपणाबाहेरच्या दुसऱ्या माणसाला ओळखले.

गार्डनर यांचा लेख आला तेव्हा गुरुजी सत्तर वर्षांचे होते. त्यापूर्वीची बारा-तेरा वर्षे कशी गेली होती? १९६२ साली ते निवृत्त झाले. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. राहणी अगदी साधी असूनही पेन्शनमध्ये भागेना, म्हणून गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. ज्यांच्या नावाची संख्या जगभरच्या पुस्तकांत छापली जाणार होती, त्यांच्यावर म्हातारपणी शिकवण्या करून पोट भरण्याची पाळी आली. १९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले.

नावांच्या बाबतीतही काय घडले ते पाहा. हर्षद संख्यांना पाश्चात्त्य पुस्तकांत 'निव्हन संख्या' असेही म्हणतात, कारण १९७७ साली आयव्हन निव्हन यांनी एका परिषदेत त्यांच्याविषयी व्याख्यान दिले. देवळाली संख्यांना 'कोलंबियन संख्या' असेही नाव आहे, कारण १९७४ साली कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांनी त्यांविषयीचा प्रश्न एका अमेरिकन गणिती मासिकात विचारला. या दोघांनी काही चोरले असे कोणी म्हणू नये. पण देवळालीत छापलेली पुस्तिका जगाच्या हातात पोहोचत नाही आणि मोठ्या शहरातल्या परिषदेतले व्याख्यान पोहोचते, हे यातून स्पष्ट दिसते. ज्याच्या हातात छापखाना आणि व्यासपीठ, त्याच्या नावावर सातबारा चढतो.

फ्रान्सकडे पाहू

हे केवळ आपल्याकडेच घडते का? गणिताची मोठी परंपरा असलेल्या फ्रान्सचे उदाहरण घेऊ. सतराव्या शतकात पिएर द फर्मा हा माणूस तुलूझ शहराच्या न्यायसभेत सल्लागार होता. म्हणजे आमच्याच व्यवसायातला. गणित हा त्याचा पोटापाण्याचा धंदा नव्हता. त्याने हयातीत फारसे काही छापले नाही, मित्रांना पत्रांतून कळवले आणि पुस्तकाच्या समासात टिपणे केली. १६६५ साली तो वारल्यानंतर पाच वर्षांनी त्याच्या मुलाने ती टिपणे छापली. त्यातले एक विधान सिद्ध करायला १९९४-९५ साल उजाडावे लागले. अँड्र्यू वाइल्स यांनी ते सिद्ध केले. मधल्या साडेतीनशे वर्षांत वकिलाने केलेले टिपण म्हणून ते कोणी कचऱ्यात टाकले नाही. तुलूझमध्ये आज फर्माच्या नावाने नामांकित शाळा आहे.

पण फ्रान्सचेही सगळेच गोमटे नाही. फर्माला मान मिळाला, कारण तो प्रतिष्ठित पुरुष होता. सोफी जेरमॅन हिची कहाणी वेगळी आहे. तिचा जन्म १७७६ सालचा. पॅरिसमध्ये १७९४ साली नामांकित तंत्रविद्यालय निघाले, पण स्त्रियांना तेथे प्रवेश नव्हता. तिने तेथील व्याख्यानांची टिपणे मिळवली आणि 'ल ब्लां' या पुरुषाच्या नावाने आपले काम थोर गणितज्ञ लाग्रांज यांना पाठवले. गाऊस यांनाही ती त्याच नावाने पत्रे लिहीत असे. फर्माच्या त्याच विधानावर तिने महत्त्वाचे काम केले आणि १८१६ साली फ्रेंच अकादमीचे पारितोषिक मिळवले. १८३१ साली ती वारली. १८८९ साली उभ्या राहिलेल्या आयफेल मनोऱ्यावर ७२ शास्त्रज्ञ आणि इंजिनिअरांची नावे कोरली गेली, त्यात तिचे नाव नव्हते.

सोफीला बाई म्हणून अडवले, गुरुजींना शाळामास्तर म्हणून हसले. दोन्ही गोष्टींची तीव्रता एक नाही, हे मान्य केले पाहिजे. गुरुजींना निदान कॉलेज मिळाले होते. ज्यांच्या पूर्वजांना शाळेच्या उंबऱ्याच्या आतही घेतले जात नव्हते, त्यांना या फरकाची जाणीव कोणी शिकवण्याची गरज नाही. परंतु कडी एकाच प्रकारची आहे. काय सांगितले हे न पाहता कोण सांगतो हे पाहायचे, ही ती कडी. जातीच्या नावाने ती लागते, बाईपणाच्या नावाने लागते, आणि पदाच्या नावानेही लागते. म्हणूनच ज्यांनी ती सर्वांत जास्त सोसली त्यांनी ती कोणासाठीही लागली तरी ओळखली पाहिजे.

आपल्या मुलांनी यातून काय घ्यावे?

गणित म्हटले की आजही अनेक घरांतल्या मुलांच्या पोटात गोळा येतो. घरात शिकलेले कोणी नाही, शिकवणीला पैसे नाहीत, आणि वर्गात एखादा शिक्षक म्हणतो, गणित तुझ्या डोक्यातले नाही. मूल ते खरे मानते. दहावीला गणितात राहिलेली किती मुले पुढे कायमची शाळेबाहेर राहिली, याचा हिशेब प्रत्येक वस्तीने आपल्या मनाशी करावा.

अशा मुलाला ६१७४ शिकवा. त्याला ना क्लास लागतो ना महागडे पुस्तक. वजाबाकी आली की झाले. स्वतःचे जन्मवर्ष घेऊन तो ६१७४ पर्यंत पोहोचेल, तेव्हा त्याला कळेल की हे कोणी सांगितले म्हणून खरे नाही, मी स्वतः तपासले म्हणून खरे आहे. त्यानंतर त्याला ५४ टोपल्यांचा हिशेब समजावून सांगा. उदाहरण सोडवणे आणि सिद्ध करणे यांतला फरक त्याला त्या दिवशी कळेल. मग तो विचारील, पाच अंकी संख्यांचे काय? त्याला उत्तर सांगू नका. वही द्या आणि शोधू द्या.

आणि शिक्षकांनी यातून काय घ्यावे? जिल्हा परिषदेच्या शाळेत, नगरपालिकेच्या शाळेत, आश्रमशाळेत शिकवणाऱ्या माणसाला हल्ली जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळी कामे लावली जातात. तोही संशोधन करू शकतो, हे मात्र व्यवस्थेच्या डोक्यात येत नाही. कापरेकर गुरुजींनी बत्तीसेक वर्षे शाळा सांभाळून हे काम केले. त्यांना वर्षातून महिनाभराची संशोधन-रजा, छपाईचा खर्च आणि चार जाणकार सोबती मिळाले असते तर त्यांनी आणखी काय केले असते, हे आज कोणी सांगू शकत नाही. तशा सोयी आजच्या शिक्षकांना देता येतील की नाही, याचे उत्तर मात्र सरकारला द्यावे लागेल.

नाशिककरांपुढे काही मागण्या

हार घालून आणि भाषणे करून हे ऋण फिटणारे नाही. म्हणून काही ठोस गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट त्यांच्या पुस्तिकांची. स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांचे आयुष्य थोडे असते. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या कपाटात, कोणा जुन्या विद्यार्थ्याच्या ट्रंकेत त्या असतील. त्या गोळा करून, त्यांची छायाचित्रे घेऊन, मराठी भाषांतरासह सर्वांना खुल्या केल्या पाहिजेत. नाशिकमध्ये १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ज्यांना विद्यापीठाचे दार बंद होते त्यांच्यासाठीच हे विद्यापीठ निघाले. या कामासाठी त्याच्याइतकी योग्य संस्था दुसरी नाही.

दुसरी गोष्ट, २२ डिसेंबर हा रामानुजन यांचा जन्मदिवस २०१२ पासून राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो. त्याला जोडून १७ जानेवारीला नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत मुलांनी स्वतः शोधलेल्या आकड्यांच्या गमती फळ्यावर मांडाव्यात. पाहुणा नको, सत्कार नको. खडू मुलांच्या हातात द्यावा.

तिसरी गोष्ट, शिक्षकांच्या संशोधनासाठी जिल्हा पातळीवर छोटासा निधी ठेवावा. त्यासाठी अर्जावर पदवी विचारू नये, काम विचारावे. आणि ते काम तपासणाऱ्यांना अर्जदाराचे नाव, आडनाव आणि हुद्दा दिसू नये. आपल्या देशात आडनाव वाचल्यावर पुढचे काय वाचले जाते आणि काय नाही, हे आपण सगळे जाणतो.

चौथी गोष्ट वाचनालयांची. आपल्या वस्त्यांतील वाचनालयांत, विहारांतील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची पुस्तके भरपूर आहेत आणि ती हवीतच. त्यांच्या शेजारी गणिताचा आनंद देणारी दोन-चार पुस्तकेही ठेवावीत. नोकरीसाठी शिकणे ही गरज आहे. पण ज्ञानावर आपलाही हक्क आहे हे सांगण्यासाठी कधीतरी निव्वळ आनंदासाठीही शिकले पाहिजे.

६१७४ ला तुमचे गाव विचारायचे नसते, तुमचे आडनाव विचारायचे नसते, तुमची पदवी विचारायची नसते. बंगल्याचा नंबर असो की झोपडपट्टीतल्या खोलीचा, वजाबाकी बरोबर केली की दोघेही तेथे पोहोचतात, आणि सात पायऱ्यांच्या आतच पोहोचतात. गणित ज्याला हा न्याय देते, त्याला तो गणिताच्या संस्थांनी नाकारू नये, एवढीच मागणी आहे. देवळालीच्या शाळेत आज तिसऱ्या बाकावर बसलेल्या एखाद्या मुलीच्या वहीत काय लिहिलेले आहे, ते आता तरी कोणीतरी हसण्यापूर्वी वाचून पाहावे.